जुनी गाडी, नवी वायरिंग आणि मदतीला आलेले मित्र

या वेळच्या पत्रांत जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या वायरिंगचे प्रश्न इतके आले की बाकीचे पुढच्या खेपेला ठेवले आणि हेच घेतलं.

प्रश्न : माझ्याकडे १९६५ची लँड रोव्हर सिरीज टू-ए आहे. आधीच्या मालकांनी जमेल तशी वायर जोडत नेलीये, डॅशबोर्डखाली हात घातला की टेपचे गोळेच हाताला लागतात. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो. पूर्ण वायरिंग बदलायचं ठरवलंय. तीन मित्र शनिवार-रविवार यायला तयार आहेत, एक घरांचं वायरिंग करतो, एकाचा हात मेकॅनिकचा आहे आणि तिसऱ्याला यातलं काहीच कळत नाही पण उत्साह दांडगा. सुरुवात कुठून करू? दोन दिवसांत होईल का?

उत्तर : आधी तो इंडिकेटर. ब्रेक दाबल्यावर दुसराच दिवा मंद पेटतो म्हणजे त्या मागच्या दिव्याचं अर्थिंग तुटलंय किंवा गंजलंय. करंटला बॉडीत परत जायला वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. तेवढ्यासाठी सगळी वायरिंग बदलायची गरज नाही, एक नट सोडवा, खालचा पत्रा घासून चकचकीत करा, परत आवळा. मात्र बोनेटखालची एक वायर बोटांत धरून वाकवून बघा, वरचं आवरण तडकून त्याचे तुकडे पडायला लागले तर मग डागडुजीत अर्थ नाही, पूर्ण लूमच, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगाच बदला, कारण जिथे दिसतंय तिथे तडकलंय तर चेसिसच्या आत न दिसणाऱ्या जागी काय झालं असेल ते सांगायला नको.

दोन दिवसांत होणार नाही. पहिला दिवस फक्त काढण्यात जाऊ द्या आणि तो नीट जाऊ द्या. बॅटरी काढताना अर्थची वायर आधी सुटली पाहिजे आणि लावताना ती सगळ्यात शेवटी लागली पाहिजे. मग प्रत्येक जोडाचा फोटो, प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. दोन्ही टोकांना म्हणतोय ते अनुभवावरून. माझ्या पहिल्या जीपच्या वेळी आम्ही तिघं तीन बाजूंनी एकदम ओढायला लागलो, जिथे अडकलं तिथे कापलं, आणि संध्याकाळी पुढ्यात वायरींचा ढीग, चिठ्ठ्या एकाच टोकाला, दुसरं टोक कुठे जात होतं ते कुणालाच आठवेना. दोन आठवडे नुसतं ते कोडं सोडवण्यात गेले, त्यानंतर मी जुना लूम कधीच कापला नाही. क्लिपा सोडवायच्या, दोघांनी दोन बाजूंनी सावकाश काढायचा आणि अख्खा जमिनीवर पसरायचा, तोच तुमचा नकाशा. कुठली फांदी किती लांबीवर फुटते ते त्याच्यावरच मोजून घ्या आणि नवा लूम त्याच्या शेजारी ठेवून बांधा.

आता मित्र. डायग्राम एकाच्याच हातात असू दे आणि तो तुम्ही असा, कारण पुढे रात्री रस्त्यात दिवे गेले तर शोधायला तुम्हीच असणार. घरांचं वायरिंग करणाऱ्याचा हात सफाईचा असतो, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबणं, वायर सोलणं त्याच्याकडे द्या, फक्त घरच्या रंगांचा हिशोब त्याला बाजूला ठेवायला सांगा. इथे चेसिस हीच परतीची वायर आहे आणि लुकासचे, म्हणजे या गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे, रंग वेगळे आहेत : ब्राऊन म्हणजे बॅटरीवरून थेट, पांढरा इग्निशन चालू केल्यावर, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, लाल साईड आणि टेल लाईट, निळा हेडलाईट, काळा अर्थ. निळ्यावर पांढरी रेघ असली तर अप्पर, लाल रेघ असली तर डिपर. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी गाडी डायग्रामशिवाय वाचता येते, म्हणून नवीन लूमलाही हेच रंग वापरा, हाताशी आहे म्हणून सगळीकडे एकाच रंगाची वायर ओढू नका, कितीही मोह झाला तरी.

मेकॅनिक मित्राला ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात वायर घासू नये म्हणून बसवायची रबरी कडी), क्लिपा आणि अर्थचे सगळे पॉईंट साफ करायचं काम द्या. आणि ज्याला काही कळत नाही त्याच्या हातात मल्टिमीटर द्या, बझरवर ठेवून. त्याने फक्त विचारायचं, ही वायर इथून निघते, कुठे पोचायला पाहिजे, आणि तिथे टोक लावून आवाज येतो का बघायचं. आपण स्वतः जोडलेली वायर आपल्याला बरोबरच दिसते हो, त्याला तसं वाटण्याचं काही कारण नसतं, म्हणून चूक त्याला सापडते. माझ्याकडे असाच एक मित्र होता, त्याने साईड लाईट आणि इंडिकेटरची अदलाबदल बॅटरी लावायच्या आधी पकडली.

फ्यूजबद्दल एक गोष्ट जपून. तुमच्या गाडीत मूळचे दोनच फ्यूज आहेत आणि हेडलाईट फ्यूजमधून जातच नाही. शिवाय जुन्या काचेच्या लुकास फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं तो आकडा उडण्याचा आहे, सतत तो जेमतेम १७ अँपिअरच सोसतो. आजच्या ब्लेड फ्यूजवरचा आकडा सतत सोसण्याचा असतो. आकडा बघून ३५चा ब्लेड फ्यूज घातला तर वायर जळेल पण फ्यूज जाणार नाही. फ्यूज वायरला वाचवायला असतो, दिव्याला नाही, त्यामुळे वायर किती सोसते ते बघून त्याच्या खालचा घाला.

सगळं जोडून झाल्यावर बॅटरी थेट लावू नका. २१ वॅटचा एक बल्ब घ्या, तो बॅटरी आणि लूमच्या मुख्य वायरच्या मध्ये लावा, सगळे स्विच बंद. बल्ब पेटला नाही तर ठीक. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण त्या बल्बमुळे दोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे धूर नाही, जळकट वास नाही, एकेक कनेक्टर सोडवत जायचं आणि ज्याला बल्ब विझेल ती फांदी तुमची. चौघं चार कोपऱ्यांत उभे आणि नजर त्या एका बल्बवर, हा क्षण मला अख्ख्या कामात सगळ्यात जास्त आवडतो. मग एकेक स्विच चालू करत जा, साईड लाईट लावले की हा बल्बही थोडा उजळणारच, ते बरोबर आहे. सेल्फ मात्र या बल्बमधून मारायला जाऊ नका.

प्रश्न : माझ्या जुन्या लँड रोव्हरमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला आहे, ते चुकीचं आहे का? बदलून मायनस करता येईल का?

उत्तर : चुकीचं नाही, साधारण १९६७पर्यंतच्या लँड रोव्हर तशाच आल्या. तसंच ठेवलं तरी गाडी उत्तम चालते. आजचा रेडिओ, चार्जर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायचं असेल तर बदला. बॅटरी उलटी लावायची, अॅमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या काट्याच्या) दोन वायरी अदलाबदल करायच्या, कॉईलच्या दोन बारीक वायरींचंही तसंच, नाहीतर गाडी चालते पण स्पार्क कमजोर पडतो. दिव्यांना, हॉर्नला, सेल्फला काही फरक नाही. बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो लुकासचा असेल तर त्याची दिशा नव्याने ठरवावी लागते : त्याच्या दोन्ही वायरी काढा, बॅटरी नवीन पद्धतीने लावा, आणि बॅटरीच्या प्लसवरून एक वायर डायनॅमोच्या एफ टर्मिनलला दोन-तीनदा क्षणभर टेकवा, ठिणगी उडेल, बास. आधीच कुणी डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला असेल तर तो कुठल्या अर्थचा आहे ते पाहिल्याशिवाय बॅटरी फिरवू नका, आतले डायोड एका क्षणात जातात.

प्रश्न : वायर जोडताना झाळावी की थिंबल दाबावं? मित्र म्हणतो झाळलेलाच जोड पक्का.

उत्तर : घरात ठेवलेल्या रेडिओसाठी मित्र बरोबर आहे. खडकांवरून आदळत जाणाऱ्या गाडीसाठी मी थिंबलच दाबीन, चांगल्या पकडीने. झाळ वायरीच्या बारीक तारांमध्ये वर चढते, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठ भाग संपून मऊ वायर सुरू होते नेमकं तिथेच हादऱ्यांनी तुटतं. बाहेरून आवरण शाबूत, आत तार तुटलेली, असला फॉल्ट शोधायला दिवस जातो. दाबल्यावर जोरात ओढून बघा, सुटलं तर ते थिंबल नाहीतर पकड बदला. वर हीट श्रिंक स्लीव्ह, आतून गोंद असलेली मिळाली तर उत्तम, चिखलपाणी आत शिरत नाही.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी आहे, ६ व्होल्टची. हेडलाईट मेणबत्तीसारखे आणि सेल्फ रडतो. सगळे म्हणतात १२ व्होल्ट करून टाक.

उत्तर : घाई करू नका. ही जीप १९४१ ते १९४५ या काळात ६ व्होल्टवरच बनली आणि त्याच ६ व्होल्टवर युद्धात धावली. बऱ्याचदा दोष व्होल्टचा नसतो, नंतर कुणीतरी घातलेल्या बारीक वायरींचा असतो. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो. समजा दोन दिवे मिळून ९० वॅट, म्हणजे १५ अँपिअर. चार मीटर लांब, १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत साधारण १ व्होल्ट वाटेतच जातो, ६ पैकी १! तीच वायर ४ स्क्वेअर एमएमची घातली तर पाव व्होल्ट. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या जिवंत टर्मिनलला आणि दुसरं बल्बच्या मागच्या टर्मिनलला लावा, जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वायर, स्विच आणि जोड मिळून खातायत. मग तसंच बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलपासून दिव्याच्या भांड्यापर्यंत बघा, इथे बरेचदा धक्का बसतो, रंगावर रंग चढवलेल्या पत्र्यावर नट आवळलेला असतो.

सेल्फचंही तेच. १२ व्होल्टच्या गाडीची बारीक बॅटरी केबल ६ व्होल्टला लावली की तो रडणारच. जाड केबल घाला आणि इंजिनपासून चेसिसला एक वेगळी अर्थ पट्टी द्या, इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, पट्टी नसली तर करंट चोक आणि क्लचच्या तारांमधून वाट शोधतो. एवढं करूनही समाधान झालं नाही तर १२चा विचार करा.

प्रश्न : एक मित्र म्हणतो सगळं मूळ कंपनीसारखंच ठेव, दुसरा म्हणतो रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), नवा फ्यूज बॉक्स, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), जादा दिवे सगळं घाल. दोघंही आठवडाभर रुसलेत.

उत्तर : दोघांनाही गाडीची काळजी आहे, म्हणून तर रुसलेत. मूळ लूम मूळ रंगांत, मूळ वाटेने बांधा, डॅशबोर्डवरचे स्विच तेच ठेवा. हेडलाईटला रिले द्या, तो सीटखाली नाहीतर डॅशबोर्डमागे बसतो, दिसत नाही, आणि जुन्या स्विचमधून मग रिलेला लागतो तेवढाच बारीक करंट जातो, तो स्विच कितीतरी वर्षं जास्त टिकतो. बॅटरीवरून आलेली वायर फ्यूजमधून ३० नंबरला, दिव्याकडे ८७, स्विच आणि अर्थ ८५-८६ला. जादा दिव्यांसाठी मूळ लूमला मध्येच छेद देऊ नका, बॅटरीजवळून स्वतःचा फ्यूज असलेला वेगळा छोटा लूम न्या, म्हणजे उद्या नको वाटलं तर मूळ गाडीला धक्का न लावता काढता येतो. विंचची केबल वेगळीच, जाड, आणि बॅटरीजवळ तोडायचा स्विच हवाच.

आणि जे काही जादा घातलं ते त्याच दिवशी डायग्रामवर लाल पेनने काढा, कुठल्या रंगाची वायर, किती अँपिअरचा फ्यूज, कुठे दडवलाय, सगळं. त्या कागदाची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवा.