एचआयव्हीची लागण टाळणारी प्रेपची गोळी फुकट मिळते, तरी दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण कृष्णवर्णीय मुलींना एचआयव्हीची लागण का होते?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ लिहिली आहे, 'मुलींना माहिती नसते म्हणूनच ना?' आधी तिचंच उत्तर देते. नाही.

मी सहा वर्षं डरबनमध्ये एका संस्थेची फार्मासिस्ट होते. आमची फिरत्या दवाखान्याची गाडी उमलाझीत जायची. वर्णद्वेषी राजवटीने काळ्या लोकांना शहराबाहेर नेऊन वसवलं, त्यातली ही एक मोठी वस्ती. तिथल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना एचआयव्ही कसा होतो, प्रेप म्हणजे काय, सगळं तोंडपाठ असतं. कितीतरी जणींच्या घरातलं कुणी ना कुणी याच आजाराने गेलेलं असतं.

अडतं ते डबीपाशी. प्रेप ही लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी. पण लागण झालेल्यांच्या उपचारातही हीच औषधं असतात आणि डबीही तशीच, पांढरी, प्लास्टिकची, पिशवीत खुळखुळणारी. ज्या घरात आजी, मावशी, भावंडं एकाच खोलीत झोपतात, तिथे ती लपत नाही. घरच्यांना सापडली तर मुलीला आजार आहे, असाच अर्थ निघतो. मित्राला सापडली तर तो म्हणतो, तू दुसऱ्या कुणाकडे जातेस. आपल्याकडे मेडिकलवाला पॅडचं पाकीट कागदात गुंडाळून देतो, ती लाज तुम्हाला ठाऊक असेल. इथे त्या लाजेला माराची भीतीही चिकटलेली आहे. मुली माझ्यासमोर गोळ्या डबीतून काढून रुमालात बांधून न्यायच्या. डरबनच्या दमट हवेत गोळ्या खराब होतात, हे मला कळत होतं. तरी मी कुणाला अडवलं नाही.

प्रेपच्या 'व्हॉइस' नावाच्या चाचणीत दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेतल्या पाच हजारांवर स्त्रिया होत्या. गोळ्या घेतो असं त्या सांगत, उरलेल्या गोळ्यांचा हिशेबही जुळत असे. २०१३ मध्ये निकाल आले, तर रक्ताच्या जेमतेम ३० टक्के नमुन्यांत औषध सापडलं. 'बायका खोटं बोलल्या' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ज्या गोळीने घरात संशय उभा राहतो, ती रोज गिळणं किती कठीण आहे हे त्यांना आधी विचारायला हवं होतं.

पुरुषांचंही सांगते. डरबन ज्या प्रांतात आहे त्या क्वाझुलू-नातालमध्ये विषाणूंच्या जनुकांवरून लागणीचा माग काढला गेला. २०१६ मध्ये त्यातून दिसलं की पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण होते ती सरासरी जवळपास नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून. टॅक्सीचं भाडं, फोनचं रिचार्ज, कधी शाळेचे बूट तोच देतो. त्याला कंडोम वापर म्हणून सांगणं तिच्या हातात उरत नाही.

मग सरकारी दवाखाना. कायद्याने बारा वर्षांवरची मुलगी पालकांना न विचारता गर्भनिरोधक मागू शकते. पण गणवेशातली मुलगी खिडकीशी आली, की 'एवढीशी पोर, तुला हे कशाला?' असं मोठ्याने विचारणाऱ्या नर्स मी पाहिल्या आहेत. मागे रांगेत शेजारीण उभी असते. मुलगी परत येत नाही.

म्हणून २०२४ च्या बातमीने मी रडले. लेनाकापाविर, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या २,१३४ मुलींना ते दिलं, एकीलाही लागण झाली नाही. त्याच चाचणीत रोजची जुनी गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. इंजेक्शनला डबी नाही, लपवायला काही नाही. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून ते वर्षाला ४० डॉलरमध्ये देणार आहेत. अमेरिकेत त्याची किंमत २८ हजार डॉलरच्या वर आहे.

पण इंजेक्शन द्यायलाही माणूस लागतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवली आणि आमची गाडी उभी राहिली. फेब्रुवारीत थोडी सूट मिळाली, पण त्या पैशातून प्रेप फक्त गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना. शाळकरी मुलीला पुन्हा ती खिडकी आणि ती रांग. आम्ही गाडी मुद्दाम शाळेच्या फाटकापासून लांब, टॅक्सी स्टँडच्या मागे लावायचो. तिथल्या गर्दीत कोण कुठे चढलं हे कुणी बघत नसे.