सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे

प्रश्न : औष्णिक वीज क्षेत्रात मी सोळा वर्षे शासकीय परवानग्यांचे काम केले आहे. अणुऊर्जेत उतरू पाहणाऱ्या एका खासगी कंपनीने आता मला शासनसंबंध आणि स्थानिक समाजसंबंध अशा एकत्रित विभागाचे प्रमुखपद देऊ केले आहे. प्रकल्पाची जागा अजून ठरलेली नाही. मात्र किनारपट्टीचा विचार चालू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुप्रकल्पाबाबत जे घडले ते डोळ्यांसमोर असल्याने मन धजत नाही. पहिल्या वर्षात नेमके काय करावे, आणि मुळात हे पद स्वीकारावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे, की गावात आपण दिलेला शब्द कंपनीवर बंधनकारक राहील का, आणि तो पाळला जात नसेल तर काम थांबवून धरण्याचा अधिकार आपल्याला असेल का. हा विभाग प्रसिद्धी खात्याच्या हाताखाली ठेवलेला असेल, तर माझा सल्ला नकाराचा आहे. तेथे आपल्याकडून पत्रके वाटून घेतली जातील आणि लोकांचा राग मात्र आपल्या नावावर जमा होईल.

शासनाच्या बाजूची आपल्याला सवय आहे, तरी औष्णिक प्रकल्पाहून येथे काही गोष्टी वेगळ्या आहेत. अणुऊर्जा हा राज्यघटनेनुसार केंद्र सूचीतील विषय आहे आणि अणुऊर्जा विभाग व अणुऊर्जा नियामक मंडळ या दोहोंची मुख्यालये मुंबईतच आहेत. त्यामुळे तेथल्या मंजुऱ्या हाती आल्या म्हणजे काम झाले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मोजणी, पाणी, रस्ते आणि पोलीस हे सारे राज्याकडे असते. पश्चिम बंगालमधील हरिपूरचा प्रस्ताव २०११ मध्ये राज्य सरकारनेच नाकारला, तर गुजरातमधील मिठीविर्डीचा प्रकल्प भूसंपादन रखडल्यानंतर आंध्र प्रदेशातील कोव्वाडा येथे हलवावा लागला. शिवाय अणुप्रकल्पापासून १६ किलोमीटरच्या परिघात दुर्घटना घडल्यास करावयाच्या उपाययोजनांची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. तेव्हा जिल्हाधिकारी म्हणजे केवळ ना-हरकत देणारे कार्यालय, असे समजू नये. ते आपल्या प्रकल्पाचे कायमचे भागीदार आहेत, फक्त दर दोन-तीन वर्षांनी त्या खुर्चीतली व्यक्ती बदलते. मी महसूल खात्यात असताना एका प्रकल्पग्रस्त गावाला लागोपाठ तीन अधिकाऱ्यांनी तीन निरनिराळी आश्वासने दिलेली पाहिली. गावाला तिन्ही तारखांसकट पाठ होती; कार्यालयात मात्र एकाचीही नोंद सापडेना. म्हणून पहिल्या दिवसापासून आश्वासनांची एक नोंदवही ठेवावी : कोणी, कोणाला, कोणत्या बैठकीत काय सांगितले आणि त्याची मुदत काय. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत असावी.

आता जैतापूर. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमीन त्या प्रकल्पासाठी घेण्यात आली. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या तेथे उभ्या राहणार होत्या. जनसुनावणी मे २०१० मध्ये झाली, नोव्हेंबरमध्ये ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी मिळाली आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या कंपनीशी करार झाला. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली आणि १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. अणुभट्ट्या आजही उभ्या नाहीत. हा सारा विरोध किरणोत्सर्गाच्या भीतीतून किंवा अपप्रचारातून आला, असे कंपन्यांच्या बैठकांत सर्रास बोलले जाते. माझे मत तसे नाही.

वादाची सुरुवात शब्दांपासून झाली होती. माडबनचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, सरकारी कागदांत ओसाड, पडीक ठरला. त्याच सड्यावर गुरे चरतात, गवत कापले जाते आणि जेथे माती सापडेल तेथे भात किंवा काजू होतो. ज्या माणसाने कातळ फोडून कलम लावले, त्याला तुझी जमीन ओसाड आहे असे लिहून द्यायचे आणि मग मोबदल्याची बोलणी करायची, हा क्रमच चुकीचा होता. मोबदल्याचा दर पुढे २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवला गेला, पण तोवर बराच काळ अनेकांनी धनादेश नाकारले होते. कोकणात आणखी एक पेच असतो. एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस सामाईक खातेदार असतात आणि त्यातले निम्मे मुंबईत. त्यामुळे गावात झालेली बैठक ही अर्धीच बैठक असते. दुसरी अर्धी लालबाग, विरार किंवा डोंबिवलीच्या ग्रामविकास मंडळात जाऊन घ्यावी लागते. गणपतीत आणि शिमग्यात सगळे गावी भेटतात खरे. परंतु त्या दिवसांत घरी कागद घेऊन येणाऱ्या माणसाला चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

सर्वांत मोठी चूक याहून वेगळी होती आणि आपण प्रामुख्याने तीच टाळावी. भूसंपादनाच्या कायद्याची नजर प्रथम जमिनीच्या मालकाकडे जाते. किनाऱ्यावरील साखरी नाटे गावच्या मच्छीमाराची जमीन जाणार नव्हती, म्हणून हिशेबात तो जवळजवळ नव्हताच. त्याचा प्रश्न पाण्याचा होता. संयंत्र थंड करण्यासाठी घेतलेले समुद्राचे पाणी तापून परत सोडले जाणार, त्यामुळे मासळी हटेल का. आणि सुरक्षेसाठी किनाऱ्यालगतचे किती पाणी होड्यांना बंद होईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी तापमानाच्या अंशांत दिले. दुसऱ्याचे उत्तर मच्छीमाराला वावांत आणि मैलांत हवे होते. त्याच्या उत्पन्नाची नोंद मच्छीमार सोसायटीच्या डिझेलच्या वहीत आणि लिलावाच्या चिठ्ठ्यांत असते, तलाठ्याच्या दप्तरात नसते. तेव्हा पहिल्या वर्षी मोजणीदाराच्याही आधी बंदरावर जावे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या शाकारलेल्या असतात आणि तांडेल (होडीचे प्रमुख), खलाशी निवांत भेटतात. मासळी वाहून नेणाऱ्या, सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या स्त्रियांची वेगळी यादी करावी, कारण तांडेलाच्या यादीत त्या येत नाहीत. या सर्वांना प्रकल्पग्रस्त मानण्याचा ठराव संचालक मंडळाकडून आधी करून घ्यावा. आंदोलनानंतर केलेला तोच ठराव गावाला माघार वाटतो.

किरणोत्सर्गाबद्दल व्याख्याने कमी करावीत आणि मोजमाप वाढवावे. सामान्य नागरिकासाठी प्रकल्पामुळे होणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (ही मात्रा मोजण्याचे एकक) आहे, तर निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. हे आकडे खरे आहेत, परंतु परक्याने सांगितलेल्या खऱ्या आकड्यावरही गाव विश्वास ठेवीलच असे नाही. आपल्या अणुकेंद्रांलगत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात; त्या प्रकल्प सुरू होण्यापूर्वीपासून दूध, मासळी, भाजी आणि पाणी यांचे नमुने तपासतात. नमुना कोणत्या विहिरीचा आणि कोणाच्या होडीतला, हे गावाला ठरवू देण्याची व्यवस्था करावी आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत.

पैशाबद्दल थोडक्यात. कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाचा २ टक्के निधी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर निघतो. नव्या प्रकल्प कंपनीला नफाच नसतो, म्हणून गावासाठी स्वतंत्र तरतूद आधीच मागावी. मंदिराचा सभामंडप बांधून दिला म्हणजे नुकसानभरपाई झाली, असा हिशेब करू नये. आणि कामे ‘जमवून’ देणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारी कंपनीही गुन्हेगार ठरते.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर मोठा वीजप्रकल्प येणार अशी बोलवा आहे. जनसुनावणी झाली तर बहिष्कार टाकावा, असे गावातील तरुणांचे म्हणणे आहे. सरपंच म्हणून मी काय भूमिका घ्यावी?
— एक महिला सरपंच, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : सरपंचताई, तरुणांचा राग मी समजू शकतो, परंतु पर्यावरण सुनावणीला किमान उपस्थितीची अट नाही. मंडप रिकामा असला तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. स्थानिक भाषेत सक्ती आहे ती फक्त पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाच्या सारांशाची. जैतापूर प्रकल्पाच्या वेळी माडबनलाही मराठी अहवाल वेळेवर मिळाला नाही, ही गावकऱ्यांची मोठी तक्रार होती. त्यामुळे पूर्ण अहवाल मराठीत मिळावा, अशी लेखी मागणी ग्रामसभेच्या ठरावासह प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे लगेच पाठवावी व तिची पोच जपून ठेवावी. सुनावणीचे चित्रीकरण होते, म्हणून प्रत्येकाने आपले नाव, गाव आणि व्यवसाय सांगून एकच प्रश्न विचारावा. भाषणे संपली की लोक उठून एसटी गाठतात, तसे त्या दिवशी होऊ देऊ नये. कामकाजाचा गोषवारा शेवटी मराठीत वाचून दाखवावा लागतो आणि त्यावर अध्यक्षांची सही त्याच दिवशी व्हावी लागते. तो पूर्ण वाचून होईपर्यंत, आणि आपल्या माणसांचे मुद्दे त्यात आले आहेत याची खात्री होईपर्यंत, कोणीही मंडप सोडू नये.