एक एकर टोमॅटो: ठिबक की पाट, पैशांचा हिशेब

विहिरीवर 5 एचपी मोटर, एक एकर रब्बी टोमॅटो, पाटपाण्यावर भागतंय, मग ठिबकवर 50-55 हजार कशाला घालायचे, असं तुम्ही विचारलंय. विहीर मे अखेरपर्यंत टिकत असेल, दारं धरायला (पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला) घरचा माणूस असेल आणि दुसरं रान भिजवायचं नसेल, तर ठिबकचा रोख फायदा थोडाच दिसेल. हे आधीच सांगतो, कारण विक्रेता सांगणार नाही.

5 फुटी बेडवर एकरी साधारण 2,700 मीटर 16 मिमी इनलाइन नळी (आतच ड्रिपर, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं, बसवलेली) लागते. 40 सेंमीवर ताशी 2 लिटरचा ड्रिपर धरला तर 6,750 ड्रिपर आणि ताशी 13,500 लिटर पाणी. नळी 10 रुपये मीटर धरून 27,000. मेन (मुख्य पाइप), सबमेन (त्यातून नळ्यांना पाणी देणारा पाइप), गाळण्या, व्हॉल्व्ह, व्हेंचुरी (खत पाण्यात ओढून घेणारं साधन) मिळून 28,000 धरा. दर तुमच्या गावचे घाला. नळी 5 वर्षं आणि बाकी सामान 10 वर्षं चाललं तर वर्षाचा घसारा 8,200. ॲसिड, जॉइनर, फुटतूट 3,000. वर्षात दोन पिकं घेतली तर एका पिकावर 5,600 रुपये पडतात. एकच घेतलं तर सगळे 11,200 त्याच्याच डोक्यावर.

पाटाने मोटर ताशी 25,000 लिटर देते आणि एकर भिजायला 7 तास लागतात असं धरू. म्हणजे एका पाळीला पावणेदोन लाख लिटर, 5 महिन्यांच्या 18 पाळ्यांना साडेएकतीस लाख. हजेरी 500 धरली तर दारं धरायचेच 9,000. ठिबकवर सरासरी रोज 3 मिमी, म्हणजे 12,000 लिटर, 150 दिवसांत 18 लाख. वाचले साडेतेरा लाख लिटर. पण साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून वीज मोफत आहे, त्यामुळे ही बचत बिलात दिसत नाही. या पाण्यावर आणखी पाऊण एकर मिरची उभी राहिली, किंवा विहीर तळाला गेल्यावरही टोमॅटोचे तोडे चालू राहिले, तरच त्याचे पैसे होतात. रात्रीच्या लाइटला साप-बिबट्याच्या भीतीत दारं मोडायला जायची वेळ टळते, याला किंमत लावता येत नाही, पण माझ्या मते ती सर्वांत मोठी आहे.

खतात मात्र लोक फसतात. ठिबक बसवलं म्हणून सगळं खत विद्राव्य, आठवड्याला 19:19:19 ची (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी 19 टक्के) पिशवी! खताचं वजन कमी होतं, खर्च वाढतो. स्फुरद बेडमध्येच बेसलला (लागवडीआधी) सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या, नत्र युरियातून आणि पालाश पांढऱ्या पोटॅशमधून ठिबकने. दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळतात. महागडी विद्राव्य खतं फूल आणि फळ फुगवणीच्या काळापुरती ठेवा. कॅल्शियम नायट्रेट स्वतंत्र दिवशी सोडा. फॉस्फेट किंवा सल्फेटबरोबर मिसळलं की पांढरा साका धरतो आणि ड्रिपर बंद होतात.

दुसरी चूक सवयीची. पाटासारखं तिसऱ्या दिवशी 4 तास ठिबक चालवलं तर हलक्या जमिनीत पाणी आणि युरिया दोन्ही मुळांखाली जातात. रोज किंवा दिवसाआड, तासाच्या हिशेबात द्या. मुरमाड रानात ड्रिपरचं अंतर 30 सेंमी घ्या. काळ्या रानात 40-50 चालतं. नळीची एका बाजूची लांबी 60-70 मीटरच्या आत राहील अशी सबमेन मधोमध टाका. तुमची मोटर एका एकराला लागतं त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी फेकते, म्हणून विहिरीत परत सोडणारा बायपास हवाच, नाहीतर जॉइनर निसटत राहतील.

विहिरीच्या पाण्यात शेवाळ असेल तर वाळूची गाळणी टाळू नका, फक्त जाळीवर भागत नाही. गाळणीच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात चौरस सेंमीला 0.5 किलोपेक्षा जास्त फरक पडला की बॅकवॉश (उलटं पाणी सोडून गाळणी धुणं), आणि दर पंधरवड्याला टोकाची एंड कॅप उघडून नळ्या धुवा. क्षार बसत असतील तर पाण्याचा सामू (पीएच) 4 पर्यंत येईल इतकं ॲसिड सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी धुऊन काढा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. संच नीट आहे का हे 3 मिनिटांत कळतं: सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली भांडं ठेवा, प्रत्येकात 100 मिली भरलं पाहिजे. 10 मिलीपेक्षा जास्त फरक म्हणजे दाब कमी किंवा ड्रिपर तुंबलेले.

अनुदान अल्प-अत्यल्पभूधारकांना 80 टक्के, इतरांना 75 टक्के, पण ते सरकारी मापदंडावर मिळतं, तुमच्या बिलावर नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच सामान उचला. आधीच्या तारखेचं बिल प्रस्तावाला चालत नाही.