आतून तपासताना ‘थांबा’ म्हणता येतं का?

प्रश्न : ताई, मला ३२वा आठवडा चालूये, पहिलंच बाळंतपण. मागे थोडं ब्लीडिंग झालं तेव्हा आतून तपासलं होतं, कोणी काही सांगितलं नाही, पाय वर घ्या म्हणाले आणि सरळ तपासायला लागले, मी आखडले तर "असं केलंस तर डिलिव्हरी कशी होणार" म्हणून ओरडले. घरी येऊन खूप रडले. लहानपणी माझ्यासोबत एक वाईट प्रकार झालाय, तो मी कोणाला सांगितलेला नाही. आता कळांची नाही, त्या तपासणीचीच भीती वाटते. नाही म्हणता येतं का? की मी उगाच बाऊ करतेय?

उत्तर : अगं, बाऊ नाही करत आहेस तू. भीती वाटली की खालचे स्नायू आपोआप आवळतात, ते काही तुझ्या हातात नसतं, त्यात "सैल सोड, सैल सोड" असं कोणी ओरडलं तर ते आणखीनच आवळतात. मी मिडवाइफ म्हणून काम करते, तपासायच्या आधी माझं लक्ष बाईच्या पायाच्या बोटांकडे जातं. तोंडाने ती "हो हो, करा" म्हणत असते आणि बोटं मात्र घट्ट वळलेली असतात. मग मी हात लावत नाही. चादर नीट करायची, शेजारी बसायचं, एकदोन मिनिटं बोलायचं. बोटं सुटली की परत विचारायचं.

नाही म्हणता येतं, आणि मधेच थांबाही म्हणता येतं. आधी हो म्हणाली होतीस म्हणून शेवटपर्यंत सहन करायचं असं काही नसतं. 'थांबा' म्हटल्यावर हात बाहेर आलाच पाहिजे, "झालंच आता" हे उत्तर नाही.

किती वेळा तपासतात विचारशील तर, सगळं नॉर्मल असेल तर दर व्हिजिटला आतून तपासायची गरजच नसते. आणि कळा चांगल्या सुरू झाल्यावर, म्हणजे पिशवीचं तोंड ५ सेंमीच्या आसपास उघडल्यावर, दर ४ तासांनी एकदा तपासणं पुरेसं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच सांगितलंय. पाणी गेलं असेल तर उगाच पुन्हा पुन्हा हात घालू नये, इन्फेक्शनचा धोका वाढतो. वार (प्लॅसेंटा) खाली, पिशवीच्या तोंडाशी असेल तर बोटाने तपासायचंच नाही, त्याने जोरात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ब्लीडिंग झालं की आधी सोनोग्राफीत वार कुठेय ते बघायचं असतं.

तपासणी कधीकधी खरंच लागते हेही सांगते. बाळाचे ठोके कमी झाले किंवा कळा असून काही पुढे सरकत नसेल तर आतून बघितल्याशिवाय नीट निर्णय घेता येत नाही. पण घाईतही "ठोके कमी झालेत, बघायला हवं, बघू का?" एवढं म्हणायला पाच सेकंद लागतात गं, तेवढा वेळ प्रत्येकीकडे असतो. बाकी वेळी कळांची लय, तुझा श्वास, पोटावरून डोकं किती खाली आलंय, यावरूनही खूप कळतं.

पाठीवरच झोपायला हवं असंही नाही. डाव्या कुशीवर तपासता येतं, विचारून बघ. कळ चालू असताना नको, कळ ओसरल्यावर तपासा म्हणून सांग. सोबत कोणीतरी तुझ्या डोक्याशी उभं राहू दे, आणि खोलीत नको ती माणसं असतील तर बाहेर जायला सांग.

लहानपणीची गोष्ट सांगायची की नाही ते तू ठरव, सगळं सांगावंच लागत नाही. "आतून तपासणं मला फार जड जातं, आधी सांगा, विचारा, थांब म्हटलं की थांबा" एवढं पुरतं. मनावर फारच दडपण येत असेल तर बाळंतपणाआधी एखाद्या समुपदेशकाशी बोल, अजून आठ आठवडे हातात आहेत. आणि हेच वाक्य एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला लाव, कळांमध्ये बोलायला सुचत नाही. तुझ्यासोबत जे येणार आहे त्यालाही ते आधीच वाचायला दे.