हास्केल शिकताना ‘डोकं चालेनासं झालंय’ असं वाटतं तेव्हा

गाठीशी चांगला अनुभव असलेले प्रोग्रॅमर हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतात आणि थोड्याच दिवसांत ‘आता मला काही नवं जमणार नाही’ असं ठरवून मोकळे होतात. ही काळजी माझ्याकडे वरचेवर येते. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी स्वतः प्रोग्रॅमिंग करत होते, त्यामुळेही लोक ती माझ्याजवळ मोकळेपणाने बोलतात. त्यांतल्या एकाची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून सांगते.

पस्तिशीतले गृहस्थ, दहा वर्षं जावामध्ये काम केलेले. “मॅडम, टीममधली ज्युनिअर पोरं पटापट लिहितात. मला साधी घरखर्चाची बेरीज जमेना. वय झालं का हो माझं?” आधी झोप, भूक, घरातलं वातावरण यांची चौकशी केली. तिथे काही बिनसलेलं असतं तर हास्केल बाजूला ठेवून मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. मग पुढच्या वेळी लॅपटॉप घेऊन या म्हटलं.

ते काम करत असताना मी नुसती बघत बसले. कंपायलरचा, म्हणजे कोड तपासून चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रॅमचा, संदेश आला की ते दोन बोटांनी तो वर सरकवायचे, “परत चुकलं” असं पुटपुटायचे आणि कोडमध्ये कुठेतरी काहीतरी बदलून पुन्हा चालवायचे. संदेश वाचतच नव्हते. त्यांच्या लेखी तो ओरडा होता, आणि ओरडा कोण नीट ऐकून घेतो?

“मोठ्याने वाचा,” मी म्हटलं. संदेश असा होता: इथे ‘इंट’ हवा आहे, तुम्ही दिलाय ‘मेबी इंट’. ‘इंट’ म्हणजे पूर्णांक; ‘मेबी इंट’ म्हणजे पूर्णांक असेलही, नसेलही. थोडक्यात, ही रक्कम आकडा नसली तर काय करायचं, ते सांगा. त्यांनी आधी फाईल उघडून बघितली. ‘किराणा 450’ अशा ओळींमध्ये एक ओळ होती ‘पेट्रोल 1,200’. त्या स्वल्पविरामामुळे मजकुरातून आकडा वाचणारं ‘रीडमेबी’ तिथे ‘नथिंग’, म्हणजे ‘काहीच नाही’, देणार होतं. जावामध्ये हा घोळ प्रोग्रॅम चालताना कळला असता. ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले, आणि त्यानंतर त्यांनी एकही संदेश न वाचता सरकवला नाही.

दुसरी अडचण सवयीची होती. आधी लूप, मग टोटलचा व्हेरिएबल, म्हणजे किंमत बदलत जाणारं नाव, मग बघू. हास्केलमध्ये नावाला दिलेली किंमत बदलत नाही, त्यामुळे पहिल्याच पावलाला अडतं. मी त्यांना उलट्या बाजूने सुरुवात करायला लावली: आत काय येतं आणि बाहेर काय हवं, एवढंच टाईपमध्ये, म्हणजे माहिती कोणत्या जातीची (आकडा, मजकूर, यादी) या भाषेत, लिहा. आत खर्चाचा प्रकार आणि रक्कम यांच्या जोड्यांची यादी, बाहेर प्रकारानुसार बेरजेचा ‘मॅप’, म्हणजे प्रत्येक प्रकारासमोर त्याची बेरीज असलेला तक्ता. उत्तराच्या जागी नुसतं अंडरस्कोर ठेवा. त्या रिकाम्या जागी कोणत्या टाईपची गोष्ट हवी, ते हास्केलचा कंपायलर जीएचसी सांगतो. तोच टाईप हूगलवर, म्हणजे टाईपवरून हास्केलची फंक्शनं शोधून देणाऱ्या साइटवर, शोधला तर ‘फ्रॉमलिस्ट’ हे फंक्शन मिळालं. चालवून बघितलं, तर किराण्याची शेवटचीच रक्कम उरली. त्याच पानावर खाली ‘फ्रॉमलिस्टविथ’ होतं; एकाच प्रकाराच्या रकमा कशा एकत्र करायच्या, ते त्याला सांगता येतं. त्याला (+) दिलं आणि बेरीज आली.

छापताना मात्र ‘किराणा’च्या जागी \2325\2367\2352\2366\2339\2366 असं आलं आणि चेहरा पुन्हा उतरला. “फाईल बिघडली वाटतं.” फाईल ठीक होती. ‘प्रिंट’ आतून ‘शो’ वापरतं आणि ‘शो’ देवनागरी अक्षरांचे क्रमांक दाखवतं. ‘पुटस्ट्रएलएन’ने लिहिलं की अक्षरं जशीच्या तशी उमटतात. मराठी मजकूर घेऊन शिकणाऱ्या प्रत्येकाला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस स्वतःच्या बुद्धीवर शंका घेत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मोनॅडचं, म्हणजे कामाच्या पायऱ्या एकापुढे एक जोडायच्या हास्केलमधल्या एका अमूर्त कल्पनेचं, ओझं तर ते पहिल्या दिवसापासून वाहत होते. एकामागून एक लेख वाचून झाले होते आणि प्रत्येक लेखानंतर आत्मविश्वास आणखी खाली. मी त्यांना तो विषय सध्या सोडायला सांगितला. हास्केल भाषेची व्याख्या देणारा पहिला अहवाल 1990चा आहे आणि इनपुट-आउटपुटसाठी मोनॅड भाषेत अधिकृतपणे आले ते 1996च्या 1.3 आवृत्तीत. भाषा घडवणाऱ्यांनाही त्या कल्पनेपर्यंत पोहोचायला काही वर्षं लागली, तर शिकणाऱ्याने पहिल्याच महिन्यात तिच्याशी झुंजायची गरज नाही. ‘मेबी’ आणि फाईल वाचणं हाताखालून पुरेसं गेलं की त्यांच्यातलं साम्य आपोआप दिसू लागतं.

शेवटच्या भेटीला आले तेव्हा त्यांच्याकडे नवा प्रश्न होता: प्रत्येक ओळीनंतर तोवरचा एकूण खर्च दाखवायचा, आणि बदलता व्हेरिएबल तर नाही. पण या वेळी वहीत टाईप लिहून आणला होता, आकड्यांच्या यादीतून आकड्यांची यादी, आणि खाली उदाहरण: 100, 50, 30 वरून 100, 150, 180. यादीत पुढे जाताना तोवरचं प्रत्येक उत्तर देत जाणारं ‘स्कॅनएल1’ त्यांना माझ्यासमोरच सापडलं. पुढची वेळ त्यांनी मागितली नाही आणि मीही सुचवली नाही.