एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) आकडे दुरुस्त करून रिटर्न पुन्हा भरलं, तर कराची डिमांड आली. भरून टाकू की हरकत घेऊ?

तुम्ही नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या खाजगी कंपनीत आहात, एनपीएसचे आकडे चुकले म्हणून सुधारित रिटर्न भरलं आणि आयकर कायद्याच्या कलम १४३(१)ची सूचना (रिटर्न तपासून आयकर खातं पाठवतं ती) डिमांडसकट आली, असं लिहिलंय. लगेच भरू नका आणि लगेच भांडूही नका. डिमांड कोणत्या ओळीतून उगवली ते आधी शोधा.

माझं सांगतो. मी राज्य शासनाच्या नोकरीत, नागपुरातच. २०२२-२३ च्या फॉर्म १६ मध्ये आमच्या कार्यालयाने शासनाचा एनपीएस हिस्सा दाखवलाच नव्हता. मागे लागल्यावर सुधारित फॉर्म मिळाला. पगारात १,००,८०० रुपये वाढले आणि ८०सीसीडी(२)खाली (नियोक्त्याच्या एनपीएस हिश्श्यावरची वजावट) तेवढेच वजा झाले. म्हणजे कर जिथल्या तिथे! निर्धास्तपणे घरीच सुधारित रिटर्न भरलं. नोव्हेंबरात मेल आला: ५,९९० रुपये भरा.

आधी वाटलं, सिव्हिल लाइन्सच्या आयकर भवनात जाऊन विचारावं. (छिंदवाडा रोडवरच्या अकादमीत देशभरातले आयकर अधिकारी तयार होतात, आणि त्याच गावात राहून आपल्याला साधी नोटीस वाचता येऊ नये, याची लाजही वाटली.) पण ही सूचना बेंगळुरूच्या सीपीसीतून, म्हणजे रिटर्न तपासणाऱ्या आयकर खात्याच्या केंद्रातून येते, संगणकावर तयार होऊन. तिच्यात दोन रकाने असतात: तुम्ही भरलेलं आणि त्यांनी धरलेलं. रात्री जेवणं झाल्यावर पट्टी धरून ओळ न् ओळ तपासली. ८०सीसीडी(२)समोर माझे १,००,८००, त्यांचे ७२,०००. फरक २८,८००. त्यावर २० टक्के कर, करावर ४ टक्के सेस, बरोब्बर ५,९९०.

मूळ वेतन अधिक महागाई भत्ता वर्षाचा ७,२०,०००. म्हणजे त्यांनी १० टक्केच धरले होते, राज्य कर्मचाऱ्याला मात्र १४ टक्क्यांपर्यंत वजावट आहे. मग कापलं का? नियोक्त्याच्या प्रकारात मी ‘राज्य शासन’ऐवजी ‘इतर’ निवडलं होतं. दोष कोणाला देणार!

त्यातही एक घोळ केलाच. पोर्टलवर डिमांडशी ‘असहमत’ असं नोंदवून मी हातावर हात ठेवून बसलो. त्याने काही हललं नाही. असहमती म्हणजे फक्त तुमचं म्हणणं, रिटर्नमधली चूक वेगळी दुरुस्त करावी लागते. ३१ डिसेंबरची मुदत शिल्लक होती म्हणून पुन्हा सुधारित रिटर्न भरलं (एकदा सुधारलं म्हणून दार बंद होत नाही), लगेच ई-व्हेरिफाय केलं आणि त्याचा पावती क्रमांक घालून उत्तर नव्याने दिलं. पुढे डिमांड शून्य झाली.

तुमची गोष्ट वेगळी असू शकते, आणि हे ऐकायला आवडणार नाही. खाजगी नोकरीत ‘इतर’ हेच बरोबर. जुन्या करप्रणालीत कंपनीच्या हिश्श्याची मर्यादा १० टक्केच. नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून १४ टक्के आहे, पण तिथे स्वतःच्या योगदानाची ८०सीसीडी(१बी)ची ५०,००० ची वजावट मिळत नाही. दुरुस्ती करताना स्वतःचे पैसे कंपनीच्या रकान्यात गेले असतील, किंवा प्रणालीच बदलली असेल, तर डिमांड थोडीफार खरी असेल. तेवढी मान्य करून भरा आणि उरलेल्या रकमेवर अंशतः असहमती द्या.

मुदत उलटली असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज. आदेश निघाला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून ४ वर्षं मिळतात, पण नवी वजावट त्यात घुसवता येत नाही. सूचना आल्यापासून ३० दिवस मात्र मोजत राहा. त्यानंतर थकलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का व्याज चढतं आणि पुढचा रिफंडही त्यात वळता होऊ शकतो.

दोन्ही रकान्यांत फरक असलेली ओळ इथे टाका, पॅन झाकून. कोणती प्रणाली निवडली होती तेही लिहा.