आधी तिथे जाऊन उभी राहा

प्रिय मुली,

तुझी फाईल परवाच आली होती, पण मोबाईलवर बघून घाईत काहीतरी लिहायचं नव्हतं म्हणून थांबले. काल सगळ्या पानांचे प्रिंट काढले, हॉलच्या भिंतीवर टेपने लावले आणि दिवसभर येताजाता बघत राहिले. चांगलं काम आहे गं. ते पावसाच्या मैफलीचं पोस्टर आहे ना, त्यातली ती रेघ रेघ तुटत खाली येणारी अक्षरं, त्याच्यापुढे मी हातात चहा घेऊन दोनदा थांबले.

तू विचारलंयस की प्रदर्शनं, गाण्यांचे व्हिज्युअल्स, म्हणजे स्टेजमागची हलती चित्रं, आणि ब्रँडिंग यातलं एकच काहीतरी पकडू का, कारण सगळे म्हणतात तीन ठिकाणी हात घातला की कुठेच नाव होत नाही. मला विचारशील तर अजून पाच वर्षं तरी काही सोडू नकोस. मी गेली बावीस वर्षं तिन्ही करतेय, स्टेजमागच्या अंधारात जे शिकले ते लोगो करताना वापरलं आणि लोगोत जे शिकले ते गॅलरीच्या भिंतीवर. पण एक सवय आत्तापासून लाव, मला ती फार उशिरा लागली. काम जिथे लागणार आहे तिथे आधी जाऊन उभी राहा, बघणारा जिथून बघणार आहे नेमकी तिथेच, आणि मग घरी येऊन फाईल उघड.

हे मला कसं कळलं ते सांगते. एका ओपन एअर कार्यक्रमात स्टेजमागच्या एलईडी वॉलसाठी मी तीन आठवडे खपून ड्रॉइंग्ज केली होती, पांढऱ्यावर केसाएवढ्या बारीक निळ्या रेघा, हळूहळू हलणाऱ्या, लॅपटॉपवर इतक्या सुंदर दिसायच्या. वॉल सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच, मला वाटलं एवढी मोठी भिंत म्हणजे सगळं दिसणारच. साउंडचेकला पोचले तर रेघा गायब. कारण अगदी साधं होतं, पॅनल अर्ध्या मीटरचे, प्रत्येकात एका ओळीत १२८ ठिपके, म्हणजे बारा पॅनल मिळून १५३६ आणि उंचीला ७६८, आणि तुझ्या साध्या फुल एचडी लॅपटॉपवर आडवे १९२० असतात. म्हणजे भिंत केवढी मोठी पण चित्र लॅपटॉपपेक्षाही जाडंभरडं. त्यात ती पांढरी पार्श्वभूमी पेटली आणि पुढे उभी असलेली गायिका नुसती काळी सावली झाली, तिचा चेहराच दिसेना, तिने मागे वळून डोळ्यांवर हात धरला ते अजून आठवतं मला. उरलेल्या दोन तासांत मी सगळं उलटं केलं, पूर्ण काळं मैदान, त्यात एकच जाड निळी लाट, ब्राइटनेस निम्म्याच्याही खाली. कार्यक्रम छान झाला, पण मला रात्रभर झोप नाही. वॉल बसवणाऱ्या माणसाला एक फोन करून पिच, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, आणि रिझोल्यूशन, म्हणजे एकूण ठिपके, विचारायचं होतं फक्त.

तेव्हा व्हिज्युअल्स करायची असतील तर काळ्याशी मैत्री कर. एलईडीवर काळं म्हणजे दिवा बंद, तिथे स्टेजच्या लाइटवाल्याला आणि गाणाऱ्या माणसाला जागा मिळते. प्रोजेक्टरवर मात्र काळं खरं काळं होत नाही, जेवढा हॉलमध्ये उजेड तेवढंच ते राखाडी, त्यामुळे एका कार्यक्रमाची फाईल दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी चालवू नकोस.

आणि लूप, म्हणजे परत परत फिरणारा चित्राचा तुकडा, करताना घड्याळ न बघता ठेका मोज. १२० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १२० बीटचं, गाणं असेल तर एक बीट अर्ध्या सेकंदाचा, सोळा बीट म्हणजे आठ सेकंद, मग लूप आठ किंवा सोळा सेकंदांचाच कर, साडेसात केलास तर दर फेरीला चित्र गाण्याच्या मागेपुढे सरकत जातं आणि प्रेक्षकाला काय चुकतंय ते कळत नाही पण खटकतं नक्की. व्हिज्युअल्स चालवायला रिझोल्यूम हे सॉफ्टवेअर वापरणार असशील तर क्लिप्स त्याच्याच डीएक्सव्ही फॉरमॅटमध्ये काढ, नेहमीची एमपीफोर तशीच टाकू नकोस, तीनचार लेअर एकदम लावले की ती अडकायला लागते. भारतीय संगीतासाठी करणार असशील तर मात्र हे गणित बाजूला ठेव. विलंबित खयालात लय कलाकाराच्या हातात असते, तिथे आधी तयार करून ठेवलेला लूप सतत उपरा वाटतो, तिथे तुला स्वतः बसून, ऐकत, हाताने फेडर, म्हणजे चित्र कमीजास्त करायची सरकती कळ, वरखाली करावा लागेल. समेवर काही चमकवायचा मोह होईल, तो आवर. सम ऐकणाऱ्याला कळते, तिला दिवा लावून दाखवायची गरज नाही.

एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक असिस्टंटला पहिल्या दिवशी सांगते, तुलाही सांगते. जपानमध्ये डिसेंबर १९९७ ला टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये काही सेकंद लाल आणि निळा रंग भराभर आलटूनपालटून लखलखले आणि शेकडो मुलांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, ६८५ चा आकडा आहे. तेव्हा एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, त्यातही मोठ्या भागावर लाल तर नकोच, आयोजक कितीही म्हणाला की एनर्जी पाहिजे तरी. गर्दीत कोण कुठल्या आजाराचं उभं आहे आपल्याला माहीत नसतं.

अल्बम कव्हरबद्दल तू लिहिलंयस की आता ते एवढंस्सं झालंय, त्यात काय करणार. बघ, १९४० मध्ये अमेरिकेत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुणाने कोलंबिया कंपनीसाठी पहिल्यांदा रेकॉर्डच्या पाकिटावर चित्र काढलं, त्याआधी बहुतेक पाकिटं तपकिरी नाहीतर करडी, साधी असायची. पुढे एलपीचं बारा इंची कव्हर आलं, चित्रकाराला केवढं मैदान मिळालं. आज आपण ३००० बाय ३००० पिक्सेलची फाईल अपलोड करतो आणि लोक ती नखाएवढी बघतात. पण पीटर सॅव्हिल या डिझायनरने १९७९ मध्ये जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडसाठी केलेलं ते कव्हर आठव, पल्सार नावाच्या ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा आलेख, बँडनेच एका खगोलशास्त्राच्या कोशातून शोधून दिलेला. मूळ आकृती पांढऱ्यावर काळी होती, सॅव्हिलने ती काळ्यावर पांढरी केली, मधे ठेवली, आजूबाजूला भरपूर अंधार सोडला. ते तेव्हा बारा इंचावर जसं ओळखू यायचं तसंच आज नखाएवढंही ओळखू येतं. तुझं कव्हर पूर्ण झालं की फोनवर छोटं करून हात लांब करून बघ, आणि जे दिसत नाही ते काढून टाक.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या विषयाकडे येते, अक्षरं. तुझ्या फाईलमधले इंग्रजी लोगो सफाईदार आहेत आणि मराठी लोगो म्हणजे त्याच इंग्रजीवर शिरोरेखा ओढल्यासारखे आहेत, हे स्पष्ट लिहिते, राग मानू नकोस. कमल शेडगेंनी आयुष्यभर मराठी नाटकांची नावं हाताने काढली, पेपरच्या जाहिरातीतल्या त्या इवल्याशा चौकटीत. नाटक विनोदी आहे का गंभीर, ऐतिहासिक आहे का घरगुती, ते नाव वाचायच्या आधीच अक्षराच्या वळणातून कळायचं. ते २०२० मध्ये गेले. त्यांची अक्षरं जमव, समोर ठेव, ट्रेस कर. र. कृ. जोशींचं काम बघ, विंडोजवर आपण वर्षानुवर्षं वापरतो तो मंगल फॉन्ट त्यांचा, पण त्यांची कॅलिग्राफी बघितलीस तर कळेल की अक्षर किती मोकळं असू शकतं. आणि बोरू घे हातात. रोज अर्धा तास, एकच अक्षर. जाड कुठे, बारीक कुठे हे कलम सांगतं, सॉफ्टवेअर सांगत नाही.

तुझ्या एका बॉक्सवर 'दुसर्‍या' ऐवजी 'दुसर्या' छापलंय, रफार देऊन. तू म्हणशील फॉन्टने केलं. पण आचाऱ्याला बोलावलं आणि आचार्याला बोलावलं यात घरी कोण येणार ते बदलतं, दऱ्या आणि दर्या तर डोंगरातली दरी आणि समुद्र इतके लांब. तसंच ल आणि श. कितीतरी फॉन्ट आपोआप हिंदी वळणाचे ल आणि श देतात, मराठी वळण हवं असेल तर त्या फॉन्टमध्ये ते आहे का ते बघावं लागतं आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडावी लागते. हे बारीकसारीक नाही गं, हे आपल्या घरातलं आहे, आपण नाही बघितलं तर कोण बघणार.

आणि कामही इथेच आहे. २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलला, दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरीतून हवं आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको, मग सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा घाईघाईत किती पाट्या लागल्या बघ. इंग्रजी लोगो कुणा मोठ्या स्टुडिओने महिनेच्या महिने घासलेला आणि शेजारी मराठी नाव हाताला लागेल त्या फॉन्टमध्ये, तोही ताणून रुंद केलेला. एखादा रस्ता निवड, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल, फोटो काढ, आणि त्यातल्या दहा पाट्या तुझ्या तू नव्याने करून बघ. असा पोर्टफोलिओ माझ्याकडे आजवर कुणी आणलेला नाही.

लोगोची परीक्षा थोडक्यात सांगते. रबर स्टॅम्प, रिक्षाची मागची बाजू, दुकानातल्या थर्मल बिलाची पट्टी आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गोल डीपी, या चारही ठिकाणी एका रंगात टिकला पाहिजे.

प्रदर्शनाचं म्हणशील तर तिथे मला कायम एकच गोष्ट खटकते. मजकूर आधी इंग्रजीत ठरतो, भिंतीवर त्याची जागा ठरते, आणि उद्घाटनाच्या चार दिवस आधी कुणाच्या तरी लक्षात येतं की मराठीही हवं, मग ते उरलेल्या पट्टीत बसवायचं. देवनागरीला वर वेलांटी मात्रा, खाली उकार, दोन ओळींत अंतर जास्त लागतं, त्याच पॉइंटला अक्षरही बारीक दिसतं. तू पहिल्याच मीटिंगला मराठी मजकूर माग, आणि मिळेपर्यंत लेआउट दाखवू नकोस. एकदा एका संग्रहालयात एक आजोबा नातीला म्हणाले, तू वाच, मला नाही दिसत, आणि ती इंग्रजी शाळेतली, तिला मराठी भराभर वाचता येईना. दोघं पुढे निघून गेले. तो पॅनल मी केलेला होता. त्यानंतर मी प्रत्येक पॅनलचा एक तुकडा खऱ्या मापात प्रिंट करून तिथेच लावते, दिवे लावून बघते आणि कुणातरी सत्तरीच्या माणसाला वाचायला लावते. कोचीला जमलं तर जा, २०१२ मध्ये पहिलं बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, झालं ते अ‍ॅस्पिनवॉल हाऊस समुद्राला लागूनच आहे. अशा दमट हवेत कागद कसा पोक काढतो, सनबोर्ड कडेने कसा सुटतो ते बघ, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

पैशाचं लवकर सांगून टाकते. हक्क देताना लेखी दे, त्यात मुदत आणि प्रदेश लिही, कारण कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. गाण्यासाठी केलेलं चित्र टीशर्टवर छापायचे पैसे वेगळे, हे आधीच बोल. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होतं, ते करून घे, त्याने बिल ४५ दिवसांत द्यायचं बंधन समोरच्यावर कायद्याने येतं. आणि निम्मे पैसे आधी, ओळखीच्यांकडूनही.

पुढच्या रविवारी सकाळी घरी ये. माळ्यावर माझा जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे, तो पुसून ठेवते. साठच्या दशकात अमेरिकेत रॉक कार्यक्रमांना दोन काचांच्या बशांमध्ये तेल आणि रंगीत पाणी घालून, हाताने हलवून भिंतीवर रंग नाचवायचे, आपण तेच करून बघू. खायचा रंग माझ्याकडे आहे, तू फक्त एक गाणं निवडून आण, आणि येताना त्या पाट्यांचे फोटो.

तुझी,
ताई